वेचणीला गेलेल्या मायांची लेकरं

पाळणाघर लागतं ते शहरातल्या नोकरीवाल्या बायकांना. खेड्यात घरोघरी आजी असते, मग आमच्या अंतरवाली सराटी गावात ते कशाला, असं मला अजूनही विचारतात. आमच्याकडे आजीसुद्धा वेचणीला जाते. दसऱ्याच्या सुमाराला कापूस फुटला की दिवसा गावात हातपाय धड असलेली बाई घरी सापडत नाही. त्या दिवसांत मी ओसरीवर लेकरं सांभाळते, त्याला आता बरेच हंगाम झाले. आजूबाजूच्या गावांतल्या सुना विचारायला येतात, की आम्हीही सुरू करू का. त्यांच्यासाठी हे लिहिते.

1. पैसे घ्या, आणि पहिल्याच दिवशी ठरवून घ्या.

वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तान्हं लेकरू बांधावर झोळीत टाकून वेचणारी बाई सारखी उठते. पाजते, मुंग्या झटकते, ऊन सरकलं की झोळी हलवते. लेकरू माझ्याकडे ठेवून गेलेल्या बाईचं गाठोडं संध्याकाळी काट्यावर जड भरतं. त्या वाढीव किलोंतला थोडा वाटा माझा. हा हिशोब कुठल्याही बाईला लगेच पटतो, समजावत बसावं लागत नाही. महिन्याची फी इथे चालत नाही. मजुरी बाजाराच्या दिवशी हातात येते, माझेही पैसे त्याच दिवशी येतात. पाऊस येऊन वेचणी बंद पडली तर त्या दिवसाचे घेत नाही. शेजारधर्म म्हणून फुकट सांभाळायला घेतलं, तर तापलेल्या लेकराला 'आज नको' म्हणता येत नाही आणि उशीर करणाऱ्या मायला बोलताही येत नाही.

2. वेळ शेताची धरा.

दहा ते पाच असं पाळणाघर इथे रिकामं राहील. बाया डबा बांधून सकाळीच निघतात आणि माप झाल्याशिवाय परतत नाहीत. तुमचा स्वयंपाक त्याआधी झालेला पाहिजे.

3. तुमच्यामुळे शाळेत कोण जातं, ते बघा.

मला या कामातलं सर्वांत मोलाचं हेच वाटतं. माय शेतात गेली की तान्हं आठ-नऊ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या कडेवर येतं. दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांबरोबर अशाच पोरी फडावर जातात, धाकट्याला राखायला. शाळेत त्यांची नावं असतात, पण हजेरी नसते. म्हणून लेकरू घेताना मी पहिलं विचारते, घरी मोठी पोरगी आहे का? असेल तर तिचं दप्तर भरून पाठवा, मग धाकटं माझ्याकडे. ही अट मी पैशापेक्षा कडक पाळते.

हे मला एकटीला सुचलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरच्या मुली शाळेत का येत नाहीत याचं कारण त्यांना मुलींच्या कडेवरच सापडलं. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आणली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. मी अनुताईंचं काम वाचलं तेव्हा माझ्या ओसरीकडे बघायची माझी नजरच बदलली.

4. पाणी आणि औषध, या दोन्हींना घाबरून राहा.

मराठवाड्यात पाणी येईल तेव्हा भरून ठेवावं लागतं. टिपाड, हौद, बादल्या सगळं भरलेलं. रांगतं लेकरू वीतभर पाण्यातही जाऊ शकतं, कारण डोकं जड असतं आणि तोंडावर पडल्यावर त्याला उठता येत नाही. झाकणाशिवाय एक भांडं पाण्याचं ठेवायचं नाही, आणि झाकणावर दगड.

दुसरं औषध, म्हणजे कपाशीवरची फवारणी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. धडधाकट माणसांची ही गत, तर लेकराची काय होईल! फवारलेल्या रानातून आलेली माय लेकराला पाजायला थेट हात पसरते. मी आधी साबण देते. हातपाय, छाती धुऊन, वरचं फडकं बदलूनच लेकरू तिच्याकडे. सुरुवातीला बायकांना राग येतो, येऊ द्या. औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यात तेल, डाळ भरायची सवय अजून काही घरांत आहे. असला डबा माझ्या उंबऱ्याच्या आत येत नाही.

5. खाऊ तपासा.

माया प्रेमाने शेंगदाणे, फुटाणे बांधून देतात. लहान लेकराच्या घशात ते अडकतात. मी ते काढून ठेवते आणि संध्याकाळी परत देते. सहा महिन्यांच्या आतल्याला मायचं दूधच, वरचं पाणीसुद्धा नाही. म्हणून इतकं तान्हं मी तेव्हाच घेते, जेव्हा रान जवळ असतं आणि माय मधे येऊन पाजू शकते. मोठ्यांना वरणात कुस्करलेली भाकर, मऊ खिचडी. जुलाब लागले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे. लेकरू मलूल पडलं तर वाट न बघता 108.

6. लेकरू कुणाच्या हाती द्यायचं, ते वहीत लिहून घ्या.

2023 च्या ऑगस्टअखेरीस मराठा आरक्षणाचं उपोषण सुरू झालं, 1 सप्टेंबरला लाठीमार झाला आणि आमच्या गावाचं नाव राज्यभर गेलं. त्यानंतर कुठून कुठून माणसं आली. एरवी गावात सगळे ओळखीचे, म्हणून असा नियम कुणाला सुचत नाही. पण लेकरू न्यायला माय, नाहीतर वहीत नाव असलेलं माणूस, एवढंच. सख्खा चुलता आला आणि वहीत नाव नसेल, तर मायला फोन लावा.

7. अंगणवाडीशी जमवून घ्या.

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तिच्यातून अंगणवाडी आली, पण ती काही तासांचीच, आणि लेकराला तिथे बसून शिकायला मिळतं ते तीन वर्षांनंतर. त्याखालचं लेकरू आणि दुपारनंतरचा दिवस, ही आपली जागा. तीन वर्षांवरची माझी लेकरं सकाळी अंगणवाडीत जातात आणि मग ओसरीवर येतात. लसीची तारीखही सेविकाबाईंकडून कळते. मदतीला कुणी नसेल तर एका बाईने दोनापेक्षा जास्त तान्ही घेऊ नयेत.

8. ग्रामसभेत मागणी लावा.

घरचं पाळणाघर मूठभर लेकरांना पुरतं. रोजगार हमीच्या 2005 च्या कायद्यात कामावर पाच लहान लेकरं असली तर ती सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद होती. म्हणजे लेकरं सांभाळणं ही मजुरी आहे, हे सरकारने कधीच मान्य केलेलं आहे. केंद्राच्या 'मिशन शक्ती'तल्या 'पाळणा' योजनेत सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकरांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. बायांनो, पुढच्या ग्रामसभेला वेचणी अर्धा दिवस थांबवून या, अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याचा ठराव लिहून घ्या आणि त्याची प्रत तालुक्याच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे स्वतः नेऊन द्या.