हावड्याचे आरक्षण आणि समुद्राची मर्जी

गोंदिया जिल्ह्यातील माणसाची पाण्याशी पहिली ओळख होते ती तलावाच्या पाळीवरून. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय घ्या, गावोगावचे मालगुजारी तलाव घ्या किंवा वैनगंगेचे उन्हाळ्यातील आटलेले पात्र घ्या, पलीकडचा काठ सहसा दृष्टीच्या टप्प्यात असतो आणि ढिवराला हाक मारली की डोंगा या तीरास लागतो. त्यामुळे जलप्रवास हा वेळापत्रकात बसवण्याजोगा किरकोळ व्यवहार आहे अशी आपली सहजसमजूत होऊन बसते. पाठीवर पिशवी टाकून अंदमानच्या बेटांत हिंडताना या समजुतीची काय गत होते, हे मला हॅवलॉकच्या धक्क्यावर फार जवळून पाहावयास मिळाले. (2018 च्या अखेरीस या बेटाचे नामकरण स्वराज द्वीप असे झाले, तिकीट काढताना दोन्ही नावे ठाऊक असलेली बरी.)

त्या सकाळी पोर्ट ब्लेअरची फेरी तहकूब झाल्याचा कागद खिडकीवर लागला, तेव्हा रांगेत आमगावकडील एक धानाचे व्यापारी सहकुटुंब उभे होते. त्यांनी सकाळी बोट, दुपारी कलकत्त्याचे विमान आणि रात्री हावड्याहून गोंदियाची मेल अशी कड्यात कडी गुंतवलेली तजवीज केली होती, आणि पहिलीच कडी निखळल्याने पुढचा सारा खर्च पाण्यात गेला. ‘आभाळ तर निरभ्र आहे हो!’ ही त्यांची कैफियत खोटी नव्हती. परंतु धक्का बेटाच्या आडोशाला असतो. दूरवरच्या कमी दाबाच्या पट्ट्याने उठवलेल्या लाटा तेथून दिसत नाहीत, त्या खुल्या समुद्रात शिरल्यावर बोटीला भेटतात. म्हणून फेरी सोडण्याचा हुकूम हवामानखात्याच्या इशाऱ्यावर अवलंबून असतो, आणि खिडकीवरच्या कारकुनाशी हुज्जत घालून तो बदलत नाही. 2016 च्या डिसेंबरात असेच वादळी हवामान बळावले, तेव्हा हॅवलॉक व नील या बेटांवर शेकडो प्रवासी अडकून पडले आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे धाडावी लागली.

अशा खोळंब्यात हॉटेलचे भाडे, जेवणखाण यांसाठी रोकड जवळ हवी, कारण बेटावर मोबाइलचे नेटवर्क मिळेलच असा इतबार नाही. फेरी पुन्हा सुरू झाल्यावर स्थानिक रुग्णाला प्रथम जागा मिळाली, तर नाक मुरडू नये. आपल्याकरिता ही सहल असली तरी त्याच्याकरिता ती इस्पितळाची वाट आहे.

बोटीवर चढतानाची एक गोष्ट मात्र कोणी आवर्जून सांगत नाही. धक्का स्थिर आणि बोट वरखाली होणारी, त्यांच्यामधील फळीवर पाऊल टाकण्यापूर्वी पाठपिशवीचा कमरेवरील व छातीवरील पट्टा सोडून ठेवावा. तोल जाऊन पाण्यात पडल्यास ती पिशवी क्षणात झटकता आली पाहिजे, नाही तर तीच जात्याच्या तळीसारखी खाली ओढते. आत गेल्यावर मोठ्या पिशव्यांचा एकत्र ढीग रचतात, तेव्हा ओळखपत्र, औषधे आणि पैसे प्लास्टिकमध्ये गुंडाळून अंगावरच ठेवावेत. लाइफ जॅकेट कोठे आहे ते बसल्याबरोबर पाहावे, आणि माणसे मर्यादेपलीकडे कोंबलेली दिसली तर तिकिटाच्या पैशांवर सरळ पाणी सोडावे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक जीव गेले, त्याला इतकी वर्षे लोटली तरी खुल्या पाण्याचा स्वभाव काही पालटलेला नाही.

पोट ढवळण्याचे म्हणाल, तर उपाशीही बसू नये आणि तर्रीपोहे चेपूनही बसू नये. वांतीवरची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वीच घ्यावी, बोटीच्या मध्यभागी बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. खासगी वातानुकूलित बोटी वेगवान खऱ्या. पण बंद काचांमागे गुदमरण्यापेक्षा सरकारी फेरीच्या उघड्या डेकवरचा संथ प्रवास मला तरी अधिक मानवला.

राहता राहिला तारखांचा बंदोबस्त. दूरची बेटे आधी पाहून घ्यावीत आणि शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरसाठी (आता श्रीविजयपुरम) राखावेत. सेल्युलर जेल गावातच आहे आणि चॅथमची 1883 पासूनची लाकडाची गिरणी पुलावरून गाठता येते. ही दोन्ही ठिकाणे बोटीविना पाहून होतात, मग समुद्र खवळलेला असो की शांत.