हिशेबाच्या फाइली दुसऱ्या संगणकावर

प्रश्न : आमची वसमतला हळदीची अडत आहे. दुकानाच्या संगणकावरचा हिशेब रोज रात्री घरच्या संगणकावर जावा म्हणून बॅच फाइल केली. एक्सकॉपी वापरतो, पण वीज गेली की काम अर्धवट राहतं. उपाय सांगा.
— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर : एक्सकॉपी सोडा, रोबोकॉपी घ्या. व्हिस्टापासून ती विंडोजमध्येच असते. पुन्हा चालवली की न बदललेल्या फाइली ती वगळते. ‘स्लॅश झेड’ लावलं की तुटलेली मोठी फाइल पुढून सुरू होते.

एक खोड मात्र आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडं राहून फाइल अडकली, तर रोबोकॉपी दर 30 सेकंदांनी, तब्बल 10 लाख वेळा प्रयत्न करते! म्हणून ‘स्लॅश आर कोलन 3’, ‘स्लॅश डब्ल्यू कोलन 5’ लिहाच.

‘स्लॅश एमआयआर’च्या वाटेला जाऊ नका. दुकानात चुकून पुसलेली फाइल ती घरूनही पुसते. उपफोल्डरांसाठी ‘स्लॅश ई’ पुरे. शेवटी 1 हा कोड दिसला तर घाबरू नका, फाइली पोचल्या; 8 किंवा जास्त म्हणजे बिघाड. टास्क शेड्यूलरला लावण्याआधी एकदा ‘स्लॅश एल’ने चालवा, काय जाणार त्याची नुसती यादी दिसेल.