काय भिजू द्यायचं, काय नाही

कोल्हापूर जिल्ह्यात पावसाची वाटणी अगदीच पक्षपाती आहे. शिरोळला वर्षभरात पाचशे मिलीमीटरच्या आसपास पडतो, तर गगनबावड्याला पाच हजारांच्या पुढे जातो. त्यामुळे रंकाळ्यावर ऊन बघून निघालेला गडी साळवण ओलांडेपर्यंत आतल्या बनियनसकट भिजलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोटारसायकलला तंबू बांधून पश्चिमेकडे जायचं, तर भिजणं धरूनच चालावं. रेनकोट कितीही महाग घ्या, दोन तासांच्या संततधारेनंतर गळ्यातून आणि बाह्यांतून पाणी आत उतरतंच.

म्हणून सगळं कोरडं ठेवण्याचा नाद सोडावा आणि मोजक्याच गोष्टींवर जीव टाकावा. रात्रीचा कपड्यांचा एक जोड, अंथरूण-पांघरूण, काडेपेटी आणि पंक्चरचं सामान. हे प्रत्येक वेगळ्या मेणकागदाच्या पिशवीत, तोंड पिळून, दुमडून, रबर लावून बांधायचं आणि मग सॅडल बॅगेत घालायचं. बॅगेला बाहेरून जे कव्हर मिळतं ते वाऱ्यानं फुगतं आणि खालून पाणी पितं. आतली पिशवी महत्त्वाची. खताच्या पोत्याच्या आत जी जाड प्लास्टिकची पिशवी असते, ती धुऊन घेतली तर या कामाला दुकानातल्या कुठल्याही पिशवीपेक्षा सरस. कोरडा जोड गाडीवर कधीच घालायचा नाही. सकाळी पुन्हा तेच ओले, गार कपडे अंगावर चढवायचे. नको वाटतं, पण दहा मिनिटांत अंग तापतं, आणि दुसऱ्या रात्रीची झोप शाबूत राहते.

निघण्याआधी नद्यांचा अंदाज घ्यावा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. हा आकडा पावसाळ्यात कोल्हापुरात रोज सकाळी चहाबरोबर चर्चेला असतोच. 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला. एवढा पूर नसला तरी गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकलीजवळ कुंभीचं पाणी येतं, रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ येतं. जाताना मोकळा असलेला रस्ता येताना मोकळा असेलच असं नाही. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की भोगावतीकाठचा परतीचा बेत बदलावा.

बंधाऱ्यांबाबत तर तडजोड नकोच. आपल्याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पावसाळ्यात बरगे काढून मोकळा करतात, कारण तो पाण्याखाली जाण्यासाठीच बांधलेला असतो. त्यावरून रस्ता जातो, पण कठडा नसतो. वरून घोटाभर पाणी वाहत असलं तरी थांबायचं. गावातलं पोरगं बिनधास्त गाडी घालतं, कारण त्याला प्रत्येक खड्डा पाठ असतो. ते त्याचं गाव आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं गारगोटी, कडगाव, पाटगाव हा रस्ता धरावा. वेदगंगेच्या खोऱ्यातून जातो, घाटाचा ताण कमी, वस्ती सतत लागते, पाटगावात मौनी महाराजांचा मठ आहे आणि पुढे भटवाडीकडून रांगण्याची वाट. (रांगण्याच्या वाटेवर ओढे आहेत. गाडी गावात ठेवून पुढे चालत जावं.) गगनबावडा आणि तिथून उतरणारे करूळ-भुईबावडा घाट देखणे खरे, पण धुकं आणि दरड यांचा हिशेब तिथे रोज नवा असतो. त्या दिवशी घाट चालू आहे का, हे वरच्या टपरीवर विचारूनच उतरावं.

या दिवसांत रस्त्यावरचा खरा धोका पावसापेक्षा चिखलाचा. भातलावणीसाठी चिखलणी चालू असते. लोखंडी चाकांचे पॉवर टिलर आणि ट्रॅक्टर एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाताना डांबरावर लाल मातीचे पट्टे सोडून जातात. त्यावर पावसाची एक भुरभुर आली, की रस्ता साबण लावल्यासारखा होतो. पट्टा दिसला की ब्रेक आधीच, सरळ रेषेत मारून घ्यायचा. पट्ट्यावर ब्रेकही नको आणि वळणंही नको. पाण्यातून गेल्यावर ड्रम ब्रेक काही क्षण लागतच नाही, म्हणून पुढे निघताना दोन-तीनदा हलका दाबून तो तापवून घ्यावा.

आता दुरुस्ती. गाडी बंद पडायचीच असेल तर कुठे पडावी हे आपल्या हातात नसतं, पण कुठे खोलावी हे असतं. एस.टी.चं पिकअप शेड हे या जिल्ह्यातलं सगळ्यात चांगलं गॅरेज: वर पत्रा, खाली फरशी, बसायला कट्टा. पंक्चर झाली तरी हळूहळू ढकलत तिथवर न्यावी, कारण पंक्चरचं निम्मं काम कोरडेपणाचं असतं. कडगावच्या अलीकडे अशाच शेडमध्ये एकजण घाईघाईनं पॅच चिकटवत होता. शेजारी पावसामुळे थांबलेल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं बिडी विझवली आणि तो म्हणाला, "पाव्हणं, ट्यूब ओली हाय. पॅच बसायचा न्हाई, उगं सोल्यूशन घालवू नका." मग त्यानं स्वतःच्या टोपीची कोरडी आतली बाजू काढली, ट्यूब पुसली, पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा पुसली, सोल्यूशन पातळ लावलं आणि बोलत बसला. चकाकी जाऊन ते सुकल्याशिवाय त्यानं पॅचला हात लावला नाही. सगळी विद्या त्या वाट बघण्यात होती.

तेव्हा ट्यूबची गाडी असेल तर नवी ट्यूब जवळ ठेवावीच. पावसात पॅच हा दुसरा पर्याय. दोन्ही चाकं 18 इंची असतील तर मागच्या मापाची एकच ट्यूब अडचणीला पुढेही चालते. पुढचं चाक 19 चं असेल तर दोन घ्याव्यात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवावं, बोटं नव्हे. काटा किंवा खिळा तिथेच असतो आणि तो न काढता ट्यूब घातली की पुढच्या गावाआधी तीही जाते. ट्यूबलेसवाल्यांचं बरं आहे, त्यांची वात ओल्या टायरमध्येही बसते.

गाडी भर पावसात झटके देऊन बंद पडली तर आधी प्लगची टोपी काढून पुसावी, प्लग काढून बघावा. सुटा प्लग आणि प्लग पाना डिक्कीत असावा. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत टाकीच्या झाकणातून पाणी शिरतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत तळाशी बसतं. खालचा स्क्रू सैल करून ते सोडून दिलं की बऱ्याचदा गाडी सुरू होते. 2020 नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत ही सोय नाही. तिथे प्लग, फ्यूज आणि बॅटरीच्या तारा एवढंच आपण बघावं. मात्र गाडी पाण्यात बुडून बंद पडली असेल तर बटण अजिबात दाबू नये. एअर फिल्टर ओला आहे का बघावं, प्लग काढून इंजिन फिरवावं, ऑइल दुधाळ झालंय का पाहावं. दुधाळ असेल तर टेम्पो शोधावा.

क्लचची केबल तुटतेच, आणि तुटते ती चढावर. नवी केबल जुन्या केबलच्या शेजारूनच आधी ओढून, टोकं टेपनं बंद करून ठेवावी. मग बदलायला दहा मिनिटं पुरतात. चेनचं तेल मात्र पाऊस रोज धुऊन नेतो. संध्याकाळी चेन गरम असताना नव्वद नंबरचं गिअर ऑइल सोडलं की सकाळपर्यंत मुरतं. हे सगळं सामान कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात एका फेरीत मिळतं.

मुक्काम दिवसाउजेडी, चार-साडेचारला शोधायला लागावं. मसाई पठारासारख्या सड्यावर तंबूचा फोटो भारी येतो, पण खाली जांभा असतो, खुंटी शिरत नाही, आणि आडवा वारा रात्रभर कापड फडफडवतो. तिथेच राहायचं ठरलं तर दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात. ओढ्याकाठची सपाट जागा तर मोहात पाडते आणि रात्री वाढलेलं पाणी तिथेच येतं. दाजीपूरच्या अभयारण्यात परवानगीशिवाय तंबू टाकायचा प्रश्नच नाही; पावसाळ्यात ते बंद असतं आणि गवे तुमच्यासाठी वाट बदलत नाहीत. अंधार पडल्यावर राधानगरी, गगनबावडा, आजरा या रस्त्यांवर गाडी चालवू नये, तेही गव्यांमुळेच.

खरं सांगायचं तर पावसातला उत्तम तंबू म्हणजे देवळाचा सभामंडप किंवा शाळेचा व्हरांडा. पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना जाऊन सांगावं, "काका, एक रात्र काढू का?" नाही म्हणणारा क्वचित भेटतो, आणि बहुतेक वेळा मागोमाग नाचणीची भाकरी आणि आमटी येते. मंडपात चूल पेटवू नये, बूट पायरीखाली ठेवावेत आणि झोपण्याआधी पायांना जळवा आहेत का बघावं. चिकटलेली असेल तर ओढू नये, मीठ लावावं.

परत आल्यावर अंघोळीच्या आधी तंबू दोरीवर टाकावा. ओला गुंडाळून ठेवलेला तंबू आठवड्यात बुरशी धरतो. आणि गाडी मिस्त्रीकडे न्याल तेव्हा ब्रेक शू उघडून साफ करायला आणि चाकांच्या बेअरिंगमधला ग्रीस बदलायला सांगा.