चौथी आहे तिथंच होऊ दे

सातारा, १० फेब्रुवारी

चि. मीनल हिस,


तुझं पत्र मिळालं. वर्गात पंधराच मुलं असलेल्या त्या खाजगी शाळेत तुझ्या ओवीला घालायचं, हे मलाही पटतं. ‘जागा आहे, येत्या जूनलाच चौथीत आणा,’ असं ते म्हणताहेत म्हणून तुझी घालमेल चालली आहे. माझं ऐकशील तर चौथी आहे तिथंच होऊ दे, पाचवीला तिकडे नाव घाल.

तुमची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला तिच्या सगळ्याच मैत्रिणी नव्या शाळेत जाणार. सगळ्यांबरोबर निघालेल्या मुलाला आपल्यालाच उचलून नेलं असं वाटत नाही.

दुसरं, साठ मुलांच्या वर्गात नवं मूल सहज मिसळून जातं. छोट्या वर्गात पहिलीपासूनच्या जोड्या ठरलेल्या असतात. चौथीत ती बहुधा एकटीच नवी असेल; पाचवीला आणखी नवी मुलं येण्याचा संभव जास्त. मी शिकवायचे त्या बारा मुलांच्या वर्गात एकदा दिवाळीनंतर एक मुलगी आली. महिनाभर तिनं दप्तर मांडीवरून खाली ठेवलं नाही, डबा खातानाही नाही. मुलं वाईट नव्हती, पण खेळात तिच्या वाट्याला कुणी उरतच नव्हतं. ‘जूनपर्यंत थांबा,’ असं मी तिच्या आईला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

मूल शाळेत मार खात असेल, रोज सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, किंवा तिसरी संपत आली तरी वाचता येत नसेल आणि कुणी लक्ष देत नसेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये. आपली ओवी आजोबांना पेपर वाचून दाखवते, शाळेत हसत जाते. तिला घाई नाही.

या वर्षभरात चार गोष्टी बघून ठेव. शाळेला मान्यता आणि यू-डायस हा सरकारी शाळा-क्रमांक आहे ना? वर्ग दहावीपर्यंत आहेत ना? सातवीलाच संपत असतील तर तीन वर्षांत पुन्हा शाळा बदलावी लागेल. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागा पहिलीला किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गालाच असतात, पाचवीला नाहीत. तेव्हा पूर्ण फी आणि गाडीखर्च दहावीपर्यंत झेपेल का, हे दोघं बसून मांडा. आणि तिथं सेमी इंग्रजी असेल, तर गणितातले इंग्रजी शब्द सुट्टीत खेळता खेळता तिच्या कानावर पडू देत.

मधे एक दिवस तिला त्या वर्गात बसवून आण. घरी आल्यावर काही विचारू नकोस, ती आपणहून काय सांगते ते ऐक.

पुढच्या वर्षी चौथीच्या निरोप समारंभात ती आपल्या बाईंच्या पाया पडेल, मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडेल. ते रडणं तिला मिळू दे. मग जूनमध्ये दप्तर खाली ठेवायला तिला जड जाणार नाही.

तुझी,
आत्या