खताची गोणी का फाटते?



खत उतरवताना गोणी फाटली, की आपण हमालाला बोल लावतो. गेल्या पावसाळ्यात एका सभासदाच्या शेडमध्ये आम्ही अशा फाटक्या गोण्या पाहिल्या. ओल लागून युरियाचे गोळे झाले होते. पैसे गेले आणि उसाचा डोसही चुकला. दोष दर वेळी हमालाचाच असतो असे नाही.

गोणी प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून बनते. पॉलिप्रॉपिलीनचे दाणे वितळवून पातळ पापुद्रा काढतात, तो पाण्यात गार करतात, पात्यांनी चिरून अरुंद पट्ट्या करतात आणि त्या गरम करून साधारण पाच-सहा पट ताणतात. सारी ताकद या ताणातून येते. अंबाडीचे तंतू विंचरून एका दिशेला लावले, की दोर बळकट होतो. तसेच प्लॅस्टिकचे गुंतलेले लांब रेणू ताणाने सरळ होतात.

मात्र ताण बेताचा हवा :

1. ताण कमी पडला, तर पट्टी मऊ राहते. वजनाने लांबते, गोणी फुगते.

2. ताण जास्त झाला, तर पट्टी लांबीत बळकट, पण उभी चिरते. धक्का सोसत नाही.

3. ताणताना उष्णता कमी असली, तर पट्टी पांढरी पडते किंवा तुटते. जास्त झाली, तर रेणू घसरतात. पट्टी लांबते, पण तितकी ताकद येत नाही.

4. ताणल्यावर पट्टी किंचित सैल सोडून पुन्हा तापवावी लागते. हे टाळले, तर पुढे उष्णतेने ती आकसते.

उन्हाला टिकण्यासाठी दाण्यांत वेगळे द्रव्य मिसळावे लागते. ते कमी असेल, तर चांगली ताणलेली पट्टीही काही महिन्यांच्या उन्हात ठिसूळ होते.

घरी परीक्षा सोपी आहे. रिकाम्या गोणीच्या तोंडाची एक पट्टी काढा. ओढल्यावर रबरासारखी लांबली, तर ताण कमी. बोटांत चोळताच तिचे बारीक धागे सुटले, तर ताण जास्त. चुरा झाला, तर ती उन्हाने खाल्ली.

म्हणून गोण्या सावलीत, फळ्यांवर ठेवा. उचलताना आकडा लावू नका. युरियाची गोणी 2018 पासून 45 किलोची आहे. दोघांनी धरली तर सहज उचलते. फाटकी गोणी मिळाली, तर घेतानाच पावतीवर तशी नोंद करून घ्या. नंतर तक्रार करून कोणी ऐकत नाही, हा आमचाही अनुभव आहे.

— ऊस विकास अधिकारी