जुनी मोटार घेताना : गिअरची की ऑटोमॅटिक?

कापडाच्या धंद्यात पहिला धडा मिळतो तो हा की, ताका वरच्या घडीवरून घेऊ नये. वरची घडी नेहमी चांगलीच असते. डाग असतो तो आत, आठव्या-दहाव्या मीटरवर. म्हणून ताका शेवटपर्यंत उलगडून पाहावा आणि मगच भाव बोलावा. तीस वर्षे आम्ही हे पाळत आलो, दुकानातल्या पोरांनाही शिकवले. पण जुनी मोटार घ्यायची वेळ आली तेव्हा आम्हीच वरची घडी पाहून माल उचलला. त्याची किंमत ऐन ईदच्या मोसमात मोजावी लागली. आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांवर तशी वेळ येऊ नये, यासाठी हा लेख.

आपल्या बीड जिल्ह्यात आज बऱ्याच छोट्या व्यापाऱ्यांच्या दारात मोटार दिसते आणि ती बहुधा जुनी घेतलेली असते. पुण्याच्या एमएच १२, १४ किंवा मुंबईच्या क्रमांकाच्या गाड्या इकडे येतात. त्यांचे नवे मालक बीडच्या एमएच २३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच ४४ च्या कार्यालयात नाव चढवून घेतात. पूर्वी गिअरचा प्रश्नच नव्हता. लहान ऑटोमॅटिक गाड्या होत्या, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी गिअरसह बाजारात आली आणि साध्या गाडीपेक्षा चाळीस-पन्नास हजार जास्त देऊन ऑटोमॅटिक मिळू लागली. पुढे वॅगन आर, क्विड, टियागो या गाड्यांतही हा गिअर आला. त्याच गाड्या आता जुन्या बाजारात आल्या आहेत आणि एजंट म्हणतो, “साहेब, थोडे जास्त द्या, ऑटोमॅटिक घ्या, आराम आहे.” आराम आहे हे खरे. पण तो कोणाला, कोणत्या रस्त्यावर आणि किती खर्चात, हे एजंट सांगत नाही.

आमचा तजुर्बा

आमच्या डाव्या गुडघ्याचे दुखणे जुने आहे. गर्दीत क्लच दाबून दाबून संध्याकाळी जिना चढवत नसे. घरच्यांनी आग्रह धरला आणि आम्ही पुण्याची एक लहान एएमटी गाडी पाहिली. एकाच मालकाची, चाळीस हजार किलोमीटर चाललेली, रंग चकचकीत. सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर चालवली, गिअर आपोआप पडत होते, सौदा झाला.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात केज आणि अंबाजोगाईच्या दुकानदारांचा माल घेऊन निघालो. डिकी आणि मागची सीट गठ्ठ्यांनी भरलेली होती. मांजरसुंब्याच्या घाटात एक मालट्रक बंद पडला होता आणि वाहनांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. गाडी मागे जाऊ नये म्हणून आम्ही ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवरच तिला चढावर तोलून धरत होतो. थोड्याच वेळात जळका वास सुटला, मीटरवर दिवा लागला आणि गाडीने गिअर घेणेच सोडले. ट्रॅक्टरला दोर बांधून ती बीडला परत आणली.

ओळखीचा मिस्त्री म्हणाला, “चाचा, क्लच प्लेट उद्या बसवून देतो. पण नवी प्लेट कुठे पकडते हे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवावे लागते. त्याचे मशीन आमच्याकडे नाही.” गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून छत्रपती संभाजीनगरला पाठवली. ती अकरा दिवसांनी आली. तोवर ईद होऊन गेली होती. भाड्याच्या टेम्पोने अर्धा माल उशिरा पोहोचला, अर्धा आमच्याच फळीवर राहिला. ईदनंतर ईदचे कापड कोण घेतो? दुरुस्तीच्या बिलापेक्षा ते नुकसान मोठे होते.

यात चूक गाडीची थोडी आणि आमची जास्त. आम्ही काय विकत घेतो आहोत हेच आम्हाला माहीत नव्हते.

ऑटोमॅटिक म्हणजे एकच वस्तू नव्हे

‘कॉटन’ म्हटले की सगळे कापड सारखे नसते, तसेच ‘ऑटोमॅटिक’चे आहे. बाजारात त्याचे चार प्रकार आहेत. गाडी पाहण्याआधी ती कोणत्या प्रकारची आहे हे विचारावे.

१) एएमटी. हा वेगळा गिअरबॉक्स नाही. आतला गिअरबॉक्स आणि क्लच प्लेट साध्या गाडीचीच असते. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम पायाऐवजी यंत्र करते आणि त्याला हुकूम कॉम्प्युटर देतो. त्यामुळे पेट्रोल जवळजवळ साध्या गाडीइतकेच लागते. पण क्लच झिजायचा तो झिजतोच, आणि वर यंत्राचा खर्च वेगळा. ते यंत्र बिघडले तर बिल पाच आकड्यांत जाते.

२) टॉर्क कन्व्हर्टर. हा जुना, कसाला उतरलेला प्रकार. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये तेल असते आणि जोर त्या तेलातून पुढे जातो. म्हणून चढावर रांगेत सरकताना क्लच प्लेट जळण्याचा प्रश्न येत नाही. इनोव्हा क्रिस्टाची ऑटोमॅटिक याच प्रकारची. २०१८ च्या अर्टिगात आणि २०२० च्या पेट्रोल ब्रेझात चार गिअरचा असा बॉक्स होता. २०२२ पासून दोन्हींत सहा गिअरचा आला. जुना चार गिअरचा बॉक्स पेट्रोल जास्त पितो, पण तेल वेळेवर बदलले असेल तर टिकतो.

३) सीव्हीटी. यात ठराविक गिअर नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावर पोलादी पट्टा असतो. होंडा सिटीत आणि २०२२ पूर्वीच्या बलेनो ऑटोमॅटिकमध्ये हा प्रकार मिळतो. शहरात लोण्यासारखा चालतो. मात्र याला स्वतःचे खास तेल लागते, आणि आत बिघाड झाला तर बहुधा पूर्ण बॉक्सच बदलायला सांगतात.

४) डीसीटी किंवा डीएसजी. यात दोन क्लच असतात. फोक्सवॅगन, स्कोडा आणि ह्युंदाईच्या काही महाग गाड्यांत हा असतो. पळायला उत्तम. पण यातला कोरड्या क्लचचा प्रकार गर्दीत सरकताना तापतो आणि दुरुस्ती फार महाग पडते. कंपनीची वॉरंटी संपलेली अशी गाडी आपल्यासारख्या धंदेवाल्याने घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्वतःला तीन प्रश्न विचारा

पहिला प्रश्न, गाडी धावणार कुठे? महिनाभर वहीत लिहून पाहावे. बीड ते संभाजीनगर किंवा सोलापूर हा महामार्ग सरळ आहे. तेथे टॉप गिअर पडला की पायाला काम नसते. अशा रस्त्यावर ऑटोमॅटिकसाठी जादा पैसे देण्यात फारसा अर्थ नाही. धारूर घाटात ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे सरकावे लागते, आणि भिवंडीला मालासाठी माळशेज घाटातून जावे लागते. तेथे माल भरलेली गाडी असेल तर साधा गिअर किंवा टॉर्क कन्व्हर्टर बरा. आणि दर आठवड्याला पुणे-मुंबईच्या गर्दीत तासन्‌तास काढायचे असतील, तर ऑटोमॅटिकचा आराम पैसे वसूल करतो.

दुसरा प्रश्न, मिस्त्री किती लांब आहे? साध्या गिअरचा क्लच गेवराई, माजलगाव, परळी, कुठेही बदलून मिळतो. लहान गाडीचा सेट मजुरीसह दहा हजारांच्या आसपास बसतो आणि गाडी एका दिवसात हातात येते. ऑटोमॅटिक घेण्याआधी आपल्या मिस्त्रीला विचारावे, “हे मॉडेल तू स्वतः उघडले आहेस का? स्कॅनर आहे का?” उत्तर नाही असेल, तर दुरुस्तीच्या खर्चात वाहून नेण्याचा खर्च आणि बुडालेले दिवस धरावेत. शिवाय बॅटरी उतरली तर साधी गाडी धक्का मारून चालू होते, ऑटोमॅटिक होत नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी गाडी दोराने लांबवर ओढली तर आतून खराब होते. ती दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी.

तिसरा प्रश्न, चालवणार कोण? गुडघ्याचे दुखणे, वय, किंवा घरात नव्याने शिकणारे कोणी असेल, तर ऑटोमॅटिक ही चैन नव्हे, गरज आहे. मग ती बिनदिक्कत घ्यावी, पण पारखून. उलट गाडी नोकर चालवणार असेल आणि माल वाहणार असेल, तर साधा गिअरच घ्यावा. सीएनजीची गाडी हवी असणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, कंपनीने बसवलेल्या सीएनजीवर एएमटी प्रथम २०२४ मध्ये टाटाच्या टियागो-टिगोरमध्ये आली. जुन्या बाजारात सीएनजी बहुतेक साध्या गिअरचीच मिळेल.

ताका उलगडून पाहा

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. किमान अर्धा तास चालवावी आणि त्यात चढ असलाच पाहिजे. सोबत मिस्त्री न्यावा. त्याची मजुरी हा खर्च नाही, विमा आहे.

साधा गिअर असेल तर: सपाट जागी हँडब्रेक पूर्ण ओढून तिसरा गिअर टाकावा, थोडे ॲक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक. ते नुसतेच गुरगुरत राहिले तर प्लेट घसरते आहे. ही तपासणी एकदाच करावी. दुसरा-तिसरा गिअर टाकताना खरखर होते का, उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप निसटतो का, क्लच दाबल्यावर आवाज येतो का, हेही पाहावे. तो आवाज बहुधा क्लचच्या बेअरिंगचा असतो.

एएमटी असेल तर: किल्ली फिरवल्यावर इशाऱ्याचे दिवे लागून विझले पाहिजेत. मुळीच न लागणारा दिवा काढून टाकलेलाही असू शकतो. न्यूट्रल, ड्राइव्ह, रिव्हर्स असे पाच-सहा वेळा बदलावे. दरवेळी गिअर लगेच पडला पाहिजे. चढावर थांबून पुन्हा उचलावी. थरथर, जळका वास किंवा फार उशीर म्हणजे क्लच संपत आला आहे. हाताने गिअर बदलण्याची ‘एम’ची सोयही चालवून पाहावी. शेवटी स्कॅनर लावून कॉम्प्युटरमध्ये जुन्या बिघाडाची नोंद आहे का ते पाहावे.

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असेल तर: ब्रेक दाबून पार्किंगमधून रिव्हर्स आणि मग ड्राइव्हमध्ये टाकावे. जोराचा दणका बसू नये आणि गाडीने वाटही पाहायला लावू नये. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर सौदा सोडून द्यावा. गिअरचे तेल कधी बदलले याचे बिल मागावे. तेल काळे आणि जळक्या वासाचे असेल तर बिल काहीही सांगो, तेलच खरे बोलते.

किलोमीटरचा आकडाही जपून वाचावा. मुंबईच्या गर्दीतले चाळीस हजार आणि बीड-सोलापूर रस्त्यावरचे चाळीस हजार सारखे नसतात. गर्दीतल्या गाडीचा क्लच कितीतरी जास्त वेळा दाबला गेलेला असतो. आम्ही फसलो ते इथेच. सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मीटरशी ताडून पाहाव्यात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि गाडीवर कर्ज असेल तर फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

ऑटोमॅटिक घेतलीच तर

चढावर थांबताना ब्रेक किंवा हँडब्रेक वापरावा, ॲक्सिलरेटरवर गाडी तोलू नये. माल भरून घाट उतरताना एएमटी ‘एम’वर ठेवून खालचा गिअर धरावा, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. आणि सौदा करताना गाडीच्या किमतीचा दहावा हिस्सा गिअरसाठी बाजूला ठेवावा. तो बाजूला ठेवण्याची ताकद नसेल, तर ती गाडी आपल्या ऐपतीची नाही असे समजावे. धंद्याचे भांडवल गाडीत अडकले की दुकान रिकामे होते.

आम्ही ती गाडी दुरुस्तीनंतर वर्षभर वापरली आणि मग विकली. घाटात काय झाले, प्लेट कधी बदलली, हे बिलासह गिऱ्हाइकाला सांगितले. त्याने त्यावरून भाव पाडला आणि आम्ही तो मान्य केला. कापडातला डाग दाखवून द्यायचा आणि गाडीतला झाकायचा, असे दोन हिशोब एका दुकानात चालत नाहीत. आता मालासाठी साध्या गिअरची गाडी आहे आणि ती मुलगा चालवतो. गुडघ्याचे दुखणे आहेच, म्हणून आम्ही शेजारच्या सीटवर बसतो.

पुढेमागे पुण्याला येणे-जाणे वाढले तर आम्ही पुन्हा ऑटोमॅटिक घेऊ. मात्र या खेपेस आधी मिस्त्रीला विचारू, मग चढावर चालवू, आणि भाव सर्वांत शेवटी बोलू.