नवजात बालकाचे दृष्टिविश्व

गेल्या श्रावणात माझी थोरली बहीण माहेरी बाळंत झाली. बाळ आठव्या महिन्यातच झाले. वजन अवघे १७०० ग्रॅम. मायलेकरे घरी आल्यावर मी बाळाशी वाकून बोलू लागले, तेव्हा आजी म्हणाली, "तेका आताच खंय दिसता गो!" पुष्कळ शिकलेल्यांचाही हाच समज असतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

वस्तुतः नवजात बालकाला दिसते. मात्र जवळचे आणि अंधुक. २० ते ३० सेंटिमीटरवरची, म्हणजे वीत-दीड वीत अंतरावरची वस्तू त्याला त्यातल्या त्यात बरी दिसते. पाजायला घेतले की आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो! फिके रंग त्याला फारसे कळत नाहीत. ठळक काळ्या-पांढऱ्या रेघा चटकन नजरेत भरतात.

बाळ तर बोलत नाही, मग हे समजले कसे? रॉबर्ट फँट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६३ साली पाच दिवसांच्या आतील १८ बालकांना निरनिराळ्या चकत्या दाखवल्या. बाळाच्या बुबुळात कोणत्या चकतीचे प्रतिबिंब किती वेळ पडते, हे त्याने मोजले. कोऱ्या रंगीत चकत्यांपेक्षा चेहऱ्याचे चित्र असलेल्या चकतीकडे बालके जास्त वेळ पाहत होती.

पुढे दोन-तीन महिन्यांत बाळ हलत्या वस्तूमागे नजर फिरवू लागते. परंतु तोवर वाट पाहणे प्रत्येक बाळाला परवडत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टिपटल सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. वरून डोळा अगदी चांगला दिसतो. म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासावेत, असा नियम आहे. वेळीच लेसर उपचार केल्यास दृष्टी वाचवता येते. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही या रोगाचा समावेश आहे.

आशाताईंनी हेच सांगितले. पण आमच्याकडे सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही. नियम ३० दिवसांचा आणि रीत ४० दिवसांची! आजी ऐकेना. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबांनी कागद माझ्या हाती दिला. मी तो आजीला दोनदा वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोराच्या डोळ्यांपरास रीत मोठी नाय."

चोविसाव्या दिवशी आम्ही फोंडा घाटाने कोल्हापूर गाठले. त्यानंतर आणखी दोन फेऱ्या झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी डोळे निर्धोक असल्याचे सांगितले.

आता आजीच बाळाला मांडीवर घेऊन वीतभर अंतरावर तोंड नेते आणि सर्वांना सांगते, "बघता हा माका!" वाचकहो, आपल्या घरी, शेजारी अपुऱ्या दिवसांचे बाळ असेल, तर सव्वा महिन्याची वाट पाहू नका, एवढेच सांगणे.